पाठ नसलेली फळं

दूध घ्यायला गेलो होतो. दुधाच्या फ्रिजकडे जाताना मधे जॅमची रांग लागते, आणि बायको गेल्यापासून मी त्या रांगेतून मान खाली घालून जातो, कारण तिथल्या निम्म्या बरण्यांवर तिची चित्रं आहेत. त्या दिवशी एक बाई ढकलगाडी आडवी लावून उभी होती म्हणून मला थांबावं लागलं आणि मान वर झाली. समोर नवीन बरणी होती. पीचचा जॅम. लेबलवर एकच पीच, जरासा मागे रेललेला, पोटभर जेवल्यावर माणूस खुर्चीत रेलतो तसा. डाव्या गालावर ऊन, आणि देठापाशी तो मातकट तपकिरी रंग, जो ती चहाच्या पाण्यात ब्रश बुडवून आणायची. सगळं तिचं होतं. तिला जाऊन वर्ष होऊन गेलं होतं, आणि माझ्या बायकोने आयुष्यात एकही पीच काढला नव्हता.

बरणी हातात घेऊन लांब धरली. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, हाताने निवडलेली फळं, हाताने रंगवलेलं लेबल. "कुणाच्या हाताने?" मी विचारलं. मोठ्याने विचारलं असणार, कारण त्या बाईने ढकलगाडी बाजूला घेतली आणि माझ्याकडे न बघता पुढे गेली. दूध राहिलं. बरणी घेऊन घरी आलो.

माझी बायको फळांची चित्रं काढायची. जॅमच्या बरण्या, रसाच्या बाटल्या, सुक्या जर्दाळूंचे डबे. तिची एक पद्धत होती. फळ काढायच्या आधी ते चावायचं. मागच्या बाजूने, तळाशी, एक घास. चावून झालं की ते टेबलावर असं ठेवायचं की घास पलीकडे जाईल, आणि मग समोरून काढायचं. बूड गेलेलं फळ सरळ बसत नाही, मागे रेलतं. तसंच ती काढायची, रेललेलं. उरलेलं फळ चित्र झाल्यावर मी आणि मुलगी खायचो, तोवर ते काळं पडलेलं असायचं आणि मुलगी कुरकुर करायची की आपल्या घरात कधी अख्खं सफरचंद मिळतच नाही. चेरीला घास घेऊन काही दिसत नाही, म्हणून ती एक चेरी खाऊन बी ताटलीत ठेवायची, आणि ती बी लेबलवर कोपऱ्यात असायची. हे आम्हा तिघांनाच माहीत होतं. ज्या स्टुडिओसाठी ती काम करायची तिथल्या मालकाला वाटायचं ही तिची शैली आहे. एकदा तो तिला म्हणाला, "ताई, तुमच्या फळांना एक ऐट असते." घरी येऊन ती हसत सुटली. "ऐट कसली डोंबलाची! मी खाल्लंय त्याला." त्या मालकाला ती घरात लगेचराव म्हणायची, कारण त्याला प्रत्येक गोष्ट लगेच हवी असायची.

पीच मात्र तिने काढला नाही. पीचच्या सालीवरची लव ओठाला लागली की तिच्या अंगावर काटा यायचा. लगेचरावाने कितीदा मागितला, जास्त देतो म्हणाला, सोललेला काढा म्हणाला. ती म्हणाली, "मला जे खाववत नाही ते लोकांना खा म्हणून कसं सांगू?" मीसुद्धा म्हणालो होतो, अगं, चित्रच तर काढायचंय. मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मग तुम्ही लिफ्ट न तपासता 'चालू आहे'ची पाटी लावता का?" तिच्यापुढे मी बहुतेक वेळा गप्पच बसायचो, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

मुलीला फोन लावला. मुलगी त्याच स्टुडिओत कामाला आहे. आईमुळेच लागली, पण टिकली स्वतःच्या हिमतीवर, हे मी आजही म्हणेन. "पीच कुणी काढला?" मी विचारलं. ती म्हणाली, "बाबा, जेवलात का?"

"मी काय विचारतोय?"

"फोनवर नको. उद्या ऑफिसला या, दाखवते."

"तुला माहीत होतं?"

"उद्या या ना, बाबा," ती म्हणाली, आणि त्या 'ना'मध्येच मला कळलं की माहीत होतं.

संध्याकाळभर बरणी स्वयंपाकाच्या टेबलावर होती. मी ती फिरवून फिरवून बघत होतो, मूर्खासारखा, जणू मागे गेलो की पीचची मागची बाजू दिसेल. मागे साखर किती आणि पोटॅशियम किती ते होतं. राग आला की माणसाने कामाला लागावं, असं माझे वडील म्हणायचे. मी ओट्याचा नळ उघडून त्याचा वायसर बदलला. नळ गळत नव्हता. याच टेबलावर शेवटच्या महिन्यांत ती बसायची, भिंतीला पाठ लावून, अंगावर माझा स्वेटर. औषधांनी तिची चव गेली होती. सगळं तिला पत्र्यासारखं लागायचं, पाणीसुद्धा. लोक विचारायचे, दुखतं का, झोप लागते का. चव गेली म्हणजे काय झालं ते कुणी विचारलं नाही. माझ्या डोळ्यासमोर तिने एक सफरचंद चावलं, थोडा वेळ तोंडात धरलं आणि हातरुमालात काढून ठेवलं. मग माझ्याकडे सरकवून म्हणाली, "तुम्ही खा. आणि मला सांगा."

मी काय सांगणार? "गोड आहे," म्हणालो.

"गोड म्हणजे कसं गोड?"

"चांगलं आहे."

"चांगलं तर हवामानही असतं!" ती अशी चिडली की तिला ठसका लागला. आजारपणात ती माझ्यावर एवढ्याच गोष्टीवरून चिडली, की मला चव सांगता येत नाही. मग मी शिकलो. शिकलो म्हणजे लाज सोडली. आलुबुखार खाऊन म्हणालो, साल आंबट आहे पण आत गेलं की माफ करतं. जर्दाळू खाऊन म्हणालो, लिफ्ट खाली येऊन थांबते तेव्हा पोटात क्षणभर जसं होतं, तसं. त्यावर तिने ब्रश खाली ठेवला आणि कितीतरी वेळ हसली, आणि मग तो जर्दाळू काढला. अशी ती बरीच चित्रं झाली. कुणी मागितलेली नव्हती, कुठल्या बरणीवर जायची नव्हती. माझा घास तिच्याहून मोठा. त्यामुळे त्या चित्रांतली फळं फारच मागे गेलेली आहेत, आता पडतील की काय इतकी. "तुम्ही फळ खाता की वचपा काढता?" ती म्हणायची, आणि तसंच काढायची. ती गेल्यावर ते कागद मी कपाटात ठेवले आणि कपाट उघडलं नाही. तिचे कपडे दिले, औषधं परत केली, चष्मा मुलीने नेला. ते कपाट तेवढं राहिलं. माझ्याकडे आता जे काही आहे ते त्या कपाटात आहे, असं मला वाटत होतं.

स्टुडिओत पूर्वी आलो की डिंकाचा आणि रंगांचा वास यायचा. आता कसलाच येत नाही. टेबलं मोकळी, कागदाचा कपटा नाही, मुलं-मुली कानात ती गाणी ऐकायची बोंडं घालून बसलेली. लगेचराव केबिनमधून धावत आला. माणूस वाईट नाही, तिच्या शेवटच्या दिवशी दवाखान्यात आला होता आणि माझ्यापेक्षा जास्त रडला होता. "काका! या, या. किती दिवसांनी! चहा लगेच येतोय." मुलीच्या टेबलापाशी माझ्यासाठी खुर्ची ठेवली. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. लगेचरावच सांगू लागला. बायकोची सगळी चित्रं एआयला दाखवलीत, पहिल्या लेबलापासूनची. त्यातून ते शिकलं. आता कुठलंही फळ सांगा, तिच्या हातचं काढून देतं. पूर्वी एक लेबल म्हणजे महिनाभराची वाट बघणं. आता थंडीत वेगळं, उन्हाळ्यात वेगळं, शाळेजवळच्या दुकानात वेगळं, म्हातारी माणसं राहतात तिथे वेगळं. "गिऱ्हाईक बरणीसमोर डोळ्याचं पातं लवेपर्यंत थांबतं, काका. तेवढ्यात त्याच्या तोंडाला पाणी सुटायला हवं. ताईंच्या फळांनी सुटतं. आम्ही तपासलंय."

"दाखव," मी मुलीला म्हणालो.

तिने टाइप केलं. मला अक्षरं लांबून दिसतात, जवळचं दिसत नाही, म्हणून मी मागे सरकून वाचलं. लिहिलं होतं: आई, नासपती, सकाळचं ऊन.

"आई काय?"

"ते नाव दिलंय, बाबा. त्या शैलीला. सुरुवातीला मी एकटीच वापरायचे, म्हणून तसं दिलं. मग तेच राहिलं."

म्हणजे या खोलीत बसलेला कुणीही, कानात बोंडं घालून, चहा पिता पिता 'आई' लिहितो आणि ती येते. मी आजूबाजूला बघितलं. एक दाढीवाला मुलगा आमच्याकडे बघून हसला, नमस्कार केला. त्यानेही लिहिलं असेल. पीच त्यानेच काढायला लावला असेल. ती जन्मभर ज्याला नाही म्हणाली त्याला आता हो म्हणते, लगेच म्हणते, आणि रविवारीही म्हणते. माझे कान तापले. मला यंत्राचा राग येत नाही, माझं आयुष्य यंत्रांत गेलं. पण यंत्र उघडलं की दिसतं, दोर कुठे झिजलाय, ब्रेक कुठे घासतोय. आणि लिफ्टला नाही म्हणता येतं. वजन जास्त झालं की ती दार उघडं ठेवून उभी राहते, काय करायचं ते करा. हे नाही म्हणतच नाही. पडद्यावर चार नासपती आली. खोटं कशाला बोलू, सुंदर होती. त्यांतलं एक तर मी तिचंच म्हणून शपथेवर सांगितलं असतं, आणि म्हणूनच मला ते फोडावंसं वाटलं. चारही मागे रेललेली.

"फिरव," मी म्हणालो.

"काय?"

"नासपती फिरव. मला मागची बाजू बघायचीय."

लगेचराव हसला. "काका, मागची बाजू कोण बघतंय!" पण मुलीने लिहिलं. आता तिची मान खाली होती. पडद्यावर नासपतीची पाठ आली. गुळगुळीत, धडधाकट, कुठे ओरखडा नाही. बूड शाबूत, तरीही कलंडलेलं. कशामुळे कलंडलंय ते त्यालाच माहीत नाही. इतकी चित्रं बघितली, हजार वेळा बघितली, आणि रेलायचं तेवढं उचललं. "मस्तच आलंय की," लगेचराव म्हणाला. मी मुलीकडे बघितलं. तिनेही माझ्याकडे बघितलं, आणि क्षणभर आम्ही दोघं तिच्या आईच्या घरातली माणसं होतो. मग तिने डोळे वळवले.

चहा आला. लगेचराव खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात बोलू लागला, दवाखान्यात बोलतात तसा. "काका, पीचचं सोडा. खरं मोठं काम पुढे आहे, तुम्हाला ऐकून बरं वाटेल." एका कंपनीने फळांच्या गराचे छोटे कप काढलेत. दवाखान्यातल्या लोकांसाठी. ज्यांना गिळता येत नाही, ज्यांची चव गेलीय. त्यावरची चित्रं वेगळी हवी होती, नेहमीची चकचकीत चालत नाहीत, आजारी माणसं तोंड फिरवतात. बरीच करून बघितली, आणि मग ही सापडली. त्याने मुलीच्या समोरून हात घालून एक चित्र उघडलं.

सफरचंद होतं. इतकं मागे गेलेलं, की आता पडेल.

मला आधी माझ्या दातांत कळलं आणि मग डोक्यात. हा तिचा घास नव्हता. हा माझा. अशी फळं बरण्यांवर कधी गेलीच नाहीत, मग हे यंत्र काय बघून शिकलं? कपाट माझ्या खोलीत आहे. घरात माझ्याशिवाय एकच माणूस येतं, दर रविवारी, स्वयंपाक करतं, माझे शर्ट इस्त्री करतं, आणि जेवण झाल्यावर मी बाहेरच्या खोलीत पंख्याखाली झोपतो.

"हे कुठून आलं?" मी म्हणालो.

"ताईंच्या शेवटच्या चित्रांवरून," लगेचराव म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला. तो मुलीकडे बघू लागला. "म्हणजे... तुमची परवानगी आहे असं हिने... काका, तुम्हाला विचारलं होतं ना?"

मुलगी म्हणाली, "मी फोनवर फोटो काढले. कागद तिथेच आहेत, बाबा. जसेच्या तसे ठेवलेत."

"मी झोपलो असताना."

"हो."

"घरात चोर शिरला तर माणूस आरडाओरडा तरी करतो."

"बाबा, मी चोर नाहीये. ती माझी आई होती." तिचा आवाज चढला. कानात बोंडं घातलेल्यांनी ती काढली. "तुम्ही ते कपाट उघडलंत तरी का? वर्षभर? तिथे बुरशी लागली असती त्यांना!"

"नाही उघडलं. म्हणून ते तुझं झालं?"

"मला ती हवी होती! मी डबा खाताना एकटी बसून लिहायचे, आई, सफरचंद. आई, संत्रं. ते यायचं. पहिल्यांदा आलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तुम्हाला वाटतं तुमचीच बायको गेली. तुमच्याकडे निदान कपाट होतं. मला काय होतं? चष्मा!"

"मग विचारायचं मला."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणून नाही विचारलंस?"

"म्हणून नाही विचारलं." मग म्हणाली, "आणि आईला तेव्हा असा कप कुणी दिला असता, असं चित्र असलेला, तर तिने खाल्ला असता, बाबा. दोन चमचे तरी."

ती खरं बोलत होती, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. कारण खाल्ला असता. मी तिच्यासमोर चमचा धरून बसलेला माणूस आहे, मला माहीत आहे. पण तिने ती चित्रं कुणाला खायला लावण्यासाठी काढली नव्हती. तिला लागत नव्हतं ते मला लागत होतं, आणि मी ते वेड्यावाकड्या शब्दांत तिच्यापर्यंत पोचवत होतो, आणि पोचलं की ती ब्रश उचलायची. त्यात तिसरं माणूस नव्हतं. मुलगीसुद्धा नव्हती. हे तिला तिथे, त्या सगळ्यांसमोर, कसं सांगायचं? सांगितलं असतं तर लगेचरावाने तेही कपावर छापलं असतं.

"काढून टाका," मी लगेचरावाला म्हणालो. "शेवटची चित्रं. त्याच्यातून काढा."

"काका, कप थांबवतो, लगेच थांबवतो. पण ते शिकलंय ते आता असं काढता येत नाही हो. म्हणजे बघा, पाण्यात साखर विरघळली की..."

"मग पाणी ओता."

तो हसला. मी हसलो नाही हे बघून थांबला. म्हणाला, ओतलं तर बाकीचंही सगळं जाईल, पन्नास लेबलं, इथल्या पोरांचं काम, तुमच्या मुलीचंही. तो धमकी देत नव्हता, खरंच सांगत होता. त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. मी तो उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि उठलो. चहा तसाच राहिला.

लिफ्टपाशी उभा होतो तेव्हा मुलगी मागून आली. डोळे पुसलेले, पर्स खांद्याला, जणू माझ्याबरोबर निघालीय, पण निघाली नव्हती. लिफ्ट खालून येत होती, दोर ओढल्याचा बारीक आवाज येत होता, मी सवयीने तो ऐकत होतो. आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो, दाराकडे तोंड करून. मला वाटलं ती माफी मागेल. मागितली असती तर मी तिथेच काहीतरी वाईट बोललो असतो, असं काहीतरी जे मागे घेता येत नाही. पण ती म्हणाली, "रविवारी भाजी काय आणू?"

"किल्ली दे," मी म्हणालो.

तिला कळलं. तिने विचारलं नाही कुठली. पर्समधून जुडगा काढला आणि आमच्या घराची किल्ली कडीतून सोडवायला लागली. कडी घट्ट होती, दुहेरी वेटोळ्याची. तिने नख घातलं, ते सटकलं, परत घातलं. लिफ्ट आली, दार उघडलं, कुणी बाहेर आलं नाही, दार मिटलं. ती खाली मान घालून त्या कडीशी झटत होती आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल होत चालला होता, लहानपणी बुटाची गाठ सुटत नसली की व्हायचा तसा. मला बघवेना. "आण इकडे," म्हणालो. जुडगा तिच्या हातातून घेतला, अंगठ्याच्या नखाने कडी उचकटली, किल्ली वेटोळ्यातून फिरवत फिरवत बाहेर काढली, आणि बाकीच्या किल्ल्या नीट सारख्या करून तिच्या तळहातावर ठेवल्या. माझी खिशात टाकली. ती तिच्या मुठीने गरम झाली होती.

मी बटण दाबलं. लिफ्ट अजून तिथेच होती, दार लगेच उघडलं.

"येशील तेव्हा बेल वाजव," मी आत जाऊन म्हणालो. दार मिटायला लागलं तसा मी मधे पाय घातला. "आणि उघडलं नाही, तर परत वाजव."